अप्पा चांगले वागले ते महिने

१४ ऑगस्ट
आज उप्पीट करपलं. ऑफिसचा कॉल कानाला, हात कढईत, व्हायचं तेच झालं. घरभर करपट वास. दुसरं करायला वेळ नव्हता, कंपनीची बस थांबत नाही. तसंच सासऱ्यांना वाढलं आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून सवयीने उभी राहिले.

अप्पांनी सगळं खाल्लं. वर म्हणाले, "छान झालंय हो, वैशाली."

वैशाली! लग्न होऊन या घरात आल्यापासून मी 'कोल्हापूर' होते. "ए कोल्हापूर, पाणी." मीठ चिमूटभर इकडंतिकडं झालं की, "तुमच्याकडे हे माणसांना घालतात का म्हशींना?" तेही चार पाहुणे समोर असताना, म्हणजे हशा पिकावा.

आत गेले तर सासूबाई तोंडाला पदर लावून रडतायत. मी घाबरले. तर अम्मा म्हणतात, "शांत लागली ग त्यांस. देव पावला."

१७ ऑग.
शांत म्हणजे सत्तरीची, भीमरथ शांत. एप्रिलमध्ये केली. इकडं तंजावरकडच्या मराठी घरांत सत्तरीला करतातच. कलशांच्या पाण्याने दोघांना स्नान, पुन्हा मंगळसूत्र, सगळं लग्नासारखं. अप्पांनी त्या दिवशी भर मांडवात वाध्यारांचे, म्हणजे इकडच्या भटजींचे, उच्चार सुधारले. मग माइक घेऊन स्वतःवर भाषण. आपला गणिताचा क्लास, आमची अर्धी तिरुवल्लिकेणी पेठ कशी आपल्या हाताखालून गेली, कोण कुठं साहेब झाला. अम्मा तोवर ओल्या नऊवारीत कुडकुडत बसलेल्या. ढुंकून बघितलं नाही.

आणि मे संपता संपता माणूस बदललाच. हॉलमधलं काचेचं कपाट, त्यात सत्कारांच्या शाली, इकडं पोन्नाडै म्हणतात. कोणीही आलं की कपाट उघडायचं, एकेक शाल, एकेक गोष्ट. महिने झाले, कपाटाला हात नाही. कोणी विचारलं तर "असू द्या."

माझा नवरा, रघू, परवा म्हणाला, "मला भीती वाटते ग." कसली? "हे संपेल याची."

२५ ऑग.
शेजारच्या गल्लीतल्या दोघी आल्या होत्या. शांत कोणत्या वाध्यारांनी केली, कुठला होम, काय काय लागतं. अम्मा अगदी खुलून सांगत होत्या. दोघींचे नवरे तसलेच असणार, नाहीतर एवढ्या उन्हात कशाला येतायत?

संध्याकाळी स्वतः वाध्यारही येऊन गेले. "मंत्रसामर्थ्य, अम्मा, मंत्रसामर्थ्य." अप्पांनी त्यांना वाकून नमस्कार केला. मी बघतच राहिले.

मी एरवी असलं काही मानत नाही. पण या वेळी मानलं. मानायला बरं वाटत होतं.

५ सप्टें.
पंख्याचा रेग्युलेटर गेला होता, र. बसवत होता. अप्पा खुर्चीत. एकदम म्हणाले, "हाताला चांगलं वळण आहे रे तुझ्या."

हाच माणूस र. च्या मित्रांसमोर, माझ्या आईवडिलांसमोर, सोयरीक ठरवायला आलेल्या मंडळींसमोर सांगायचा, "माझ्याकडे शिकलेल्या पोरांत सगळ्यात मठ्ठ म्हणजे आमचा चिरंजीव."

र. ने स्क्रू घट्ट केला. "झालं," म्हणाला. मग बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. पाणी बराच वेळ वाहत होतं. मी दार वाजवलं नाही.

१२ सप्टें.
अम्मा हल्ली मोगरा माळतात. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसतात. अम्मा बोलतात, अप्पा ऐकतात. पूर्वी अम्मांचं एक वाक्य कधी पुरं झालं नाही या घरात. काल जेवायला बसण्याआधी अप्पांनी विचारलं, "तू जेविलीस कां?" अम्मांनी हे मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तेवढ्याच नवलाने.

एक मात्र मनात येतं. ते ऐकतात, की नुसते बसतात? आज अम्मा उठून आत गेल्या तरी तसेच हसऱ्या तोंडाने रिकाम्या जागेकडं बघत होते. असेल. म्हातारपण असेल. अम्मांजवळ बोलायचं धाडस नाही.

२१ सप्टें.
आज थोडक्यात वाचलो.

रविवार, म्हणून दूध अप्पांवर सोडून मी वर कपडे वाळत घालायला गेले. खाली आले तर जिन्यातच गॅसचा भपकारा. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस चालू, आणि अप्पा तिथंच स्टुलावर. शांत. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, ओरडले, "अप्पा, वास नाही आला?"

"कसला?"

हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही. अम्मांच्या केसांतला मोगरा काढून धरला. काही नाही. "बहुत दिवस झाले," म्हणाले, जसं काही चष्म्याचा नंबर वाढलाय. सांगितलं का नाही? खांदे उडवले.

म्हणजे करपलेलं उप्पीट त्यांना करपलेलं लागलंच नव्हतं. मला उगाच त्याचंच जास्त लागलं. गॅसपेक्षा त्याचं. वेडी आहे मी.

२६ सप्टें.
डाव्या बाजूने येताना अप्पा दारावर आपटले. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. र. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. तिथल्या बाईंनी दिवा मारून मारून पाहिलं आणि चष्मा न देता एमआरआयला पाठवलं. र. चा चेहरा पांढराफटक. "काही नसेल," मी म्हटलं. आपण सगळे असंच म्हणतो.

१ ऑक्टो.
एग्मोरला मोठ्या सर्जनकडं, चौघं. पडद्यावर अप्पांचा मेंदू. कपाळामागं, नाकाच्या वर, मधोमध एक पांढरा गोळा. मोसंबीएवढा. मला वाटलं मशीनची काहीतरी चूक.

साधी गाठ आहे म्हणाले, कॅन्सर नव्हे. मेंदूच्या आवरणातून उगवते, हळूहळू वाढते, कित्येक वर्षांची असेल. आधी वासाची नस दाबली. आता डोळ्यांची. आणि मेंदूचा पुढचा भाग दोन्हीकडून मागं रेटलाय.

मग विचारलं, "स्वभावात काही फरक?"

शेवटी अम्मा तमिळमध्ये म्हणाल्या, "सुधारला."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, पुढच्या भागावर दाब आला की काही माणसं चिडखोर होतात, काही थंड पडतात. हौस जाते, हट्ट जातो, मी मी करायची ओढ जाते. बाहेरून ते शांत दिसतं. घरच्यांना वाटतं वय झालं.

"आम्हाला शांत लागली असं वाटलं," अम्मा म्हणाल्या. डॉक्टर तमिळ माणूस, त्यांना लगेच कळलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मी विचारलं, "मग आधीचा जो स्वभाव, तोही गाठीमुळेच का?" फार आशेने विचारलं. म्हणाले, "तरुणपणापासून तसेच असतील तर नाही. तो त्यांचा स्वतःचा."

अम्मांचा एकच प्रश्न. "काढल्यावर पहिले परत येतील?"

"सांगता येत नाही. थोडे येतील, पूर्ण येतील, किंवा आणखी कुणीतरी तिसरेच." आणि न काढल्यास? डोळे नक्की जातील, काही महिन्यांत. मग फिट्स. मग पुढचं.

अप्पा शेजारीच बसून सगळं ऐकत होते. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं, तुम्हाला काय वाटतं, सर? "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात भाजीसुद्धा दुसऱ्याला ठरवू दिली नाही.

४ ऑक्टो.
शोळिंगनल्लूर, ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता फोनवर वाचत बसले. आत्मप्रौढी, मेंदू, असं काय काय घालून शोधलं.

जे मिळालं ते असं. ज्यांना आपल्यापुढं जगात कोणीच दिसत नाही अशा माणसांच्या मेंदूत, दुसऱ्याचं दुखणं आपल्याला जाणवायला जो भाग लागतो तो जरा पातळ दिसतो, असं काहींना आढळलं. काहींना आढळलं नाही. जे आढळलं तेही पुष्कळ माणसांची सरासरी काढून. एकट्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवून 'हा इथं आहे याचा गर्व' असं कोणालाच म्हणता येत नाही. आणि मेंदू तसा म्हणून माणूस तसा, की तसं वागून वागून मेंदू तसा, तेही अजून कळलेलं नाही.

म्हणजे अम्मांना जन्मभर जे सोसावं लागलं त्याला बोट ठेवायला जागा नाही. आणि हे चार महिने सुखाचे गेले त्याला मात्र जागा आहे. त्या जागेचा फोटो आहे, आमच्या कपाटात ठेवलाय.

हे कोणाला सांगू? अन्न गेलं नाही. डबा तसाच परत आणला.

९ ऑक्टो.
र. म्हणतो काढायची नाही.

मी म्हटलं, डोळे जातील रे. म्हणाला, मी धरून नेईन हाताला, आंघोळ घालीन, सगळं करीन. "मला बाप आत्ता मिळालाय, वैशू. तू चाळीस वर्षं ऐकून घेतलं नाहीस, मी घेतलंय."

"तो बाप नाहीये, ती गाठ आहे!"

बोलले आणि जीभ चावली. र. उठून उभा राहिला, तर्जनी माझ्या नाकासमोर. "तुला काय कळतंय त्यातलं? अक्कल आहे का?" हुबेहूब अप्पा. तो आवाज, ते बोट, भुवई तशीच वर. त्यालाही कळलं असावं, कारण हात एकदम खाली घेतला.

त्याच्या मेंदूचा फोटो काढायची माझी इच्छा नाही. काढून कळणार तरी काय?

२० ऑक्टो., दिवाळी
पहाटे अप्पा आपणहून उठले. इकडं घरातलं मोठं माणूस सगळ्यांच्या डोक्याला तेल लावतं. आजवर अम्माच लावायच्या, अप्पा पाटावर बसून लावून घ्यायचे. आज म्हणाले, "मी लावितों." र. पाटावर बसला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर तेल थापलं, बोटं सावकाश फिरवली. र. मान खाली घालून. तेल कानावरून गळत होतं, डोळ्यांतून काय गळत होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

मग अप्पा वाटी हातातून ठेवायला गेले आणि पाटावर नाही, हवेत ठेवली. खणकन् पडली. तेल सगळीकडं. अप्पा जिथं वाटी होती असं त्यांना वाटत होतं तिथंच बघत राहिले.

"गंगास्नान झालं का" म्हणून शेजारचे, इकडच्या दिवाळीच्या रिवाजाप्रमाणे, विचारायला आले तेव्हा मी फरशी पुसत होते. हो म्हटलं. झालं.

२ नोव्हें.
डॉक्टरांचा फोन. आता ठरवा, उशीर झाला तर नंतर काढूनही डोळे येणार नाहीत. र. फोन ठेवून नुसता बसून. गेले तीन आठवडे आमच्यात 'दूध आणलं का' एवढंच बोलणं.

अम्मा वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काढा."

र. म्हणाला, "अम्मा, तूच परवा म्हणत होतीस, असू दे असेच. तुला माहीत आहे ना काय परत येईल ते? तुलाच सोसायचंय सगळं."

अम्मांनी शेंगा बाजूला सारल्या. "मज ठाऊक नाहीं तर कुणास? पण मजशी गोड बोलतात म्हणून त्यांस आंधळें होऊ द्यायचें? मला बरें वाटतें म्हणून? जन्मभर त्यांनी तेंच केलें. आपणांस बरें वाटेल तें. मी पण तेंच करूं?" मग बारीक आवाजात, "पोदुम् रे. पुरे झालें. सही कर."

पुन्हा शेंगा ओढून घेतल्या. मला उठून त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, त्यांना आवडत नाही असलं. शेजारी बसून सोलायला लागले.

१६ नोव्हें.
हॉस्पिटल. उद्या सकाळी ऑपरेशन. अप्पांचं डोकं भादरलंय. दुपारी मी होते सोबतीला.

अप्पा छताकडं बघत म्हणाले, "वैशाली, मी पूर्वी फार वाईट वागत असें कां?"

कोणी सांगितलं यांना? की त्यांनाच...? खोटं बोलणार होते. घशाशी आलं होतं, नाही हो अप्पा, असं काही नाही. पण पुन्हा हा माणूस मला विचारायला शिल्लक असेल की नाही, कुणास ठाऊक.

"हो, अप्पा. फार. अम्मांशी सगळ्यात जास्त."

"अस्सें." पापण्या मिटल्या. मी वाट बघत राहिले. रडतील, काही बोलतील, निदान हात पुढं करतील. थोड्या वेळाने म्हणाले, "पंखा वाढव ग थोडा."

वाढवला. किती लागलं त्यांना, लागलं की नाही, देव जाणे.

१७ नोव्हें.
सकाळी नेलं, संध्याकाळी बाहेर. गाठ सगळी निघाली म्हणतात. अम्मा बाकावरून हलल्या नाहीत. र. ने वाध्यारांचा फोन घेतला नाही.

२४ नोव्हें.
डोळे सुधारतायत. आज घड्याळातले काटे सांगितले. डॉक्टर खूश. वास काही परत येणार नाही. बाकी दिवसभर झोप, मधूनच असंबद्ध. र. ला एकदा "सर" म्हणाले. र. ने हसून घेतलं, पण बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

१ डिसें.
आज नर्स पट्टी बदलायला आली, जरा घाईत होती. अप्पा कडाडले, "मी कोण आहे ठाऊक आहे का तुला? बोलाव तुझ्या मोठ्या डॉक्टरला!" ती पोरगी घाबरून मागं सरली.

आम्ही तिघंही तिथंच. कोणी कोणाकडं बघेना. मग र. हसायलाच लागला. "आले," म्हणाला. हसता हसता तोंड वाकडं झालं त्याचं.

अम्मांनी नर्सच्या पाठीवरून हात फिरवला. "पावम्, बिचारी. तूं जा." अप्पांना म्हणाल्या, "पाणी हवें कां?"

३ डिसें.
आणि आज त्याच नर्सला, "तुझी ड्यूटी कधी संपते? काही खाल्लेंस कां?" ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं.

डॉक्टर म्हणतात सूज उतरतेय, मेंदू आपली जागा परत घेतोय. कुठं जाऊन थांबेल? "सहा महिने धीर धरा." आम्ही काय धरतोय मग?

११ डिसें.
घरी आणलं. सकाळी चिडचिड, "या घरात कोणाला कशाचीच अक्कल नाही," अम्मांचं वाक्य अर्ध्यात तोडलं. दुपारी त्याच अम्मांचा हात धरून झोपले. र. त्यांच्या खोलीत जाताना आधी बाहेर घसा साफ करतो, लहानपणी करायचा तसा. त्याला स्वतःला कळतही नाही.

मी चिडते कोणावर, तेच समजेनासं झालंय. पूर्वी निदान एक माणूस होता चिडायला.

१९ डिसें.
मार्गळीची, म्हणजे इकडच्या मार्गशीर्षाची, पहाट. देवळाच्या कर्ण्यावर भजनं, रस्त्यावर ओल्या रांगोळ्या. अम्मांचं स्नान झालेलं. ऑफिसला निघायच्या आधी अप्पांची सकाळची गोळी माझ्याकडं असते.

टोपी घालून खिडकीशी बसले होते. गोळी घेतली. मग माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून, डोळे आता पूर्वीसारखेच झालेत. "तुम्हीं सर्वांनी मिळून ठरविलेंत ना? कापायचें?"

"हो, अप्पा."

"माझ्यासाठी?"

"हो."

चेहऱ्यावर राग म्हणावा तर राग, भरून आलंय म्हणावं तर तसंही. मी इतकी वर्षं या चेहऱ्याच्या धाकात काढली, प्रत्येक रेघ पाठ होती मला. काही वाचता आलं नाही.

"तिला बोलाव," म्हणाले.

बाहेर आले. अम्मा दाराशीच उभ्या, हातात त्यांची कॉफी, पदर नीट खोचलेला. आत डोकावल्या नाहीत. मलाच हळूच विचारलं, "आज कोण आहेत ग आंत?"

"नाही ओळखू आलं मला, अम्मा."

"सेरि, बरें," म्हणाल्या आणि आत गेल्या.